वहाबमामूंचे शनिवार

माझे मामू वहाब नाखवा एकोणीसशे एकोणतीस साली बोटींची इंजिनं शिकायला ग्लासगोला गेले. दिघीतून त्यांच्याआधी कोणी विलायतेला शिकायला गेलं नव्हतं. समुद्र ओलांडणं मात्र आमच्या घराला नवं नव्हतं. माझे नाना, जैनुद्दीन नाखवा, स्वतःच्या गलबतातून सुपारी आणि नारळ मुंबईला न्यायचे आणि हंगामात बसऱ्याहून खजूर आणायचे. त्यांच्या वडिलांनीही जन्मभर तेच केलं होतं. घरातला पुरुष कामाला निघायचा आणि काम झालं की परतायचा. बायका तर निघायच्याच नाहीत. लग्न, उरूस किंवा कोणाचं आजारपण असेल तर गोष्ट वेगळी.

मामू तेव्हा बावीस वर्षांचे होते, उंच, सडपातळ आणि कमी बोलणारे. मुंबईच्या एका शिक्षण मंडळाने त्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली होती. माझी आई मुनिरा ही त्यांची धाकटी बहीण. ती बारा वर्षांची होती आणि घरात तिच्याएवढं भरभर वाचणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मामूंची पत्रं वाचून दाखवायचं काम तिच्याकडे आलं. एकेक पत्र तिला इतक्यांदा वाचायला लागायचं की ते पाठच व्हायचं. मी हे सांगते आहे ते बरंचसं तिच्याकडून ऐकलेलं आणि उरलेलं मामूंचे दोस्त दत्ताकाका यांच्याकडून.

पहिल्या चार-पाच पत्रांत थंडीखेरीज काही नव्हतं. मग हळूहळू घर दिसायला लागलं. मामू मिसेस बुकन नावाच्या बाईंकडे खोली घेऊन राहत होते. बाई विधवा होत्या आणि त्यांचा नवरा जहाजावर मुसलमान खलाशांबरोबर काम करायचा, त्यामुळे मुसलमान माणसाने काय खायचं आणि काय नाही हे त्यांना बरंच ठाऊक होतं. नमाजाआधी पाय धुतात हे मात्र ठाऊक नव्हतं. एका सकाळी त्यांनी दार उघडलं तर मामू एक पाय जमिनीवर आणि दुसरा तोंड धुण्याच्या भांड्यात घालून उभे. पोराला लागलं असं समजून बाई धावत जाऊन पट्ट्या घेऊन आल्या. खरा प्रकार कळल्यावर संध्याकाळी त्यांनी निळ्या फुलांचं एक वेगळं भांडं आणून ठेवलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती, ‘फक्त पायांसाठी’.

सकाळी ओटची पेज मिळायची. तीत मीठ असायचं, त्यामुळे मामूंना ती आवडली. धुरावर सुकवलेला एक मासा मिळायचा. तो आपल्या सुक्या बांगड्याचा चुलतभाऊ शोभेल, असं त्यांनी लिहिलं. हलाल मिळत नसल्याने मटण ते खात नव्हते, त्यामुळे पोरगा वाळत चालला अशी काळजी मिसेस बुकन तिकडे आणि माझी नानी तैयबा इकडे, एकाच वेळी करत होत्या. सकाळी कॉलेज, दुपारनंतर नदीकाठच्या कारखान्यात हातकाम, संध्याकाळी आकृत्या काढायच्या. आठवडा असा जायचा. अडचण यायची ती शनिवारी. दुपारी बाराला कारखान्याचा भोंगा झाला की सगळं शहर कामाला पाठ दाखवायचं, ते थेट सोमवारपर्यंत. मामू खोलीवर येऊन कपडे धुवायचे आणि मग खिडकीशी बसून राहायचे.

तीन महिने हे पाहिल्यावर मिसेस बुकन झाडू घेऊन खोलीत आल्या आणि म्हणाल्या की तुम्ही बाहेर जा. मामूंनी विचारलं, कुठे? बाई म्हणाल्या, कुठेही. मामूंना हे उत्तरच कळेना. काही आणायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, काही नाही, नुसते जाऊन या. मामू ट्रामने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, तिथे उतरले, ट्राम वळली तशी पुन्हा तिच्यात बसले आणि पाऊण तासात घरी आले. याला जाणं म्हणत नाहीत, असं बाईंनी सांगितलं आणि पुढच्या शनिवारी हातात पाव-चीजचं पुडकं देऊन त्यांना बोटीच्या धक्क्याकडे पिटाळलं.

क्लाइड नदीतून प्रवासी आगबोटी खाली समुद्रापर्यंत जायच्या. शनिवारी त्यांच्यावर बायकापोरांची गर्दी असे. मामूंना पाण्यावर आल्यावर पहिल्यांदा बरं वाटलं. तो एप्रिल महिना होता आणि वारा सुटला होता. वरच्या डेकवर एका काळ्यासावळ्या माणसाची टोपी उडाली आणि थेट पाण्यात पडली. त्या माणसाने कठड्यावर वाकून टोपीला आणि वाऱ्याला अस्सल मराठीत शिव्या घातल्या. मामू त्याच्या शेजारी जाऊन म्हणाले, “टोपी काही परत येत नाही. तुम्ही आत चला, कान गारठतील.”

तो माणूस दचकून वळला. मग त्याने मामूंचे दोन्ही हात धरले आणि बोट शेवटच्या धक्क्याला लागेपर्यंत सोडले नाहीत. हे दत्ताकाका. दत्तात्रेय घरत, उरणजवळच्या मिठागराच्या गावचे. रसायनशास्त्र शिकायला आले होते. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवत. त्या दिवसांत इकडे देशात मिठाचा सत्याग्रह चालू होता, तिकडच्या वर्तमानपत्रांतही रोज मिठाचंच नाव येई. त्यामुळे कॉलेजात आजवर ज्यांनी दत्ताकाकांकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते एकाएकी त्यांना मीठ कसं करतात ते विचारायला लागले होते. दत्ताकाका ते प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत. मामूंनाही त्यांनी बोटीवर सगळं सांगितलं, समुद्राचं पाणी वाफ्यात घेण्यापासून. मामू हे लहानपणापासून पाहत आले होते, तरी त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. म्हणाले, मराठी ऐकत होतो, मीठ असो की आणखी काही.

दिघी आणि उरण एकाच किनाऱ्यावर, पण एक जंजिरा संस्थानात आणि एक इंग्रजी मुलखात. इथे असते तर दोघांची गाठ पडली नसती. तिथे मात्र एकही शनिवार दोघांनी वेगवेगळा घालवला नाही. कधी आगबोटीने बेटांवर जात, कधी भाड्याच्या सायकलींवर डोंगरांत. भर पावसात मेंढ्यांच्या कळपात अडकून दोन तास उभे राहिले, ते पत्र आईने शेजारच्या तीन घरांत वाचून दाखवलं होतं. एका शनिवारी ते सॉल्टकोट्स नावाच्या गावी गेले, नावात मीठ आहे म्हणून दत्ताकाकांनीच हट्ट धरला. तिथे समुद्रकाठी मिठाच्या जुन्या पडक्या भट्ट्या होत्या. पूर्वी त्या गावात समुद्राचं पाणी मोठ्या लोखंडी कढयांत ओतून खाली कोळसा पेटवत आणि आटवून मीठ काढत. दत्ताकाका त्या पडक्या भिंतींभोवती दोनदा फिरले आणि मग खाली बसून हसायलाच लागले.

“आरं नाखवा,” ते म्हणाले, “ह्यांना ऊनच न्हाय, म्हणून पानी शिजवत बसले. माझ्या बापाला सांगितलं तर त्यो म्हनेल, पोरगा तिकडं दारू प्यायला लागला.”

ही पत्रं नानीपुढे वाचली जात तेव्हा ती तांदूळ निवडायची थांबे. बेटं, मेंढ्या, भट्ट्या सगळं ऐकून घेई आणि शेवटी दर वेळी एकच विचारी की तिथे त्याचं काम काय होतं. आई पत्र पुन्हा चाळून सांगायची, काम काही लिहिलेलं नाही. नानी म्हणायची, “कामाशिवाय कोन जातो? तू नीट वाच.”

दुसऱ्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. सोमवारी मामूंची इंजिनांचीच परीक्षा होती. आठवडाभर अभ्यास करून डोकं जड झालं म्हणून शनिवारी दोघे आगगाडीने किनाऱ्यावरच्या एका लहान मासेमारीच्या गावी गेले आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं ठरवलं. तिथे मरडॉक नावाचे एक म्हातारे होड्या बांधायचे. त्यांनी एका जुन्या मासेमारी होडीत नवीन इंजिन बसवलं होतं आणि ते चालवून पाहायला निघाले होते. दोन परदेशी पोरं धक्क्यावर उभी राहून होडीकडे टक लावून बघतायत म्हटल्यावर त्यांनी दोघांना आत बोलावलं.

जाताना इंजिन छान चाललं. परतताना ते दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मरडॉकनी हातोडीने ठोकून पाहिलं. मामूंनी बाह्या वर करून एकेक भाग उघडला, पुसला, पुन्हा बसवला. दोन वर्षं जे शिकले होते ते सगळं करून झालं, तरी इंजिन ढिम्म. ओहोटी लागली होती आणि वारा होडीला खडकांकडे ढकलत होता. खडकांवरचा फेस आता स्पष्ट दिसायला लागला. दत्ताकाका पोट धरून तळाशी बसले होते. ते मिठाचे, समुद्रातले नव्हेत.

मामूंनी हात पुसले, ते पुढे गेले आणि जाळ्यांच्या ढिगाखाली गुंडाळून ठेवलेलं तपकिरी शीड त्यांनी ओढून काढलं. होडीची डोलकाठी अजून जागेवर होती. शीड वर चढलं, वाऱ्याने भरलं आणि होडी कलली. मामू मागे येऊन मरडॉकना म्हणाले, “सुकाणू माझ्याकडे द्या.”

साठ वर्षांच्या नावाड्याला हे ऐकून घेणं सोपं गेलं नसणार. पण त्यांनी मामूंच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि सुकाणू सोडलं. मामूंनी वाऱ्याच्या तोंडावर दोन आडवे फेरे घेतले, खडकांपासून होडी सुटी केली आणि धक्क्याला आणून लावली. मरडॉकनी दोर बांधला. मग त्यांनी विचारलं, हे तू कुठे शिकलास. मामू म्हणाले, बापाकडे. मरडॉकनी विचारलं, मग इथे काय शिकायला आला आहेस.

मामू म्हणाले, “इंजिन.”

म्हातारा हसत हसत धक्क्याच्या पायरीवर बसला आणि त्याला उठवायला दत्ताकाकांना हात द्यावा लागला.

या सगळ्यात संध्याकाळची गाडी गेली होती. रविवारी त्या गावात गाडी येत नव्हती, दुकान उघडत नव्हतं, होडी पाण्यात जात नव्हती. मरडॉकच्या घरी दोघांना अंथरूण मिळालं. रविवारी सकाळी मामूंनी इंजिन उघडून बघतो म्हटलं, तर मरडॉक म्हणाले की आज देवाचा दिवस आहे, आज अवजाराला हात लावायचा नाही. पुस्तकंही ग्लासगोला राहिली होती. दुसऱ्या दिवशी परीक्षा आणि हाताशी काहीच काम नाही, असा दिवस मामूंच्या आयुष्यात तो पहिलाच.

दुपारी मरडॉकच्या बायकोने शाल घेतली आणि चला म्हणून सांगितलं. ती त्यांना गावाबाहेरच्या टेकाडावर घेऊन गेली. तिथे एक सपाट दगड होता, त्यावर ती बसली. समोर समुद्र, पलीकडे बेट. मामूंनी विचारलं की तुम्ही इथे कशाला येता. ती म्हणाली, बघायला. बरं, नवरा येतोय का ते बघायला? तसं नाही, म्हणाली, तो तर घरी झोपलाय. नुसतंच बघायला, लग्न झाल्यापासून दर रविवारी. कधी आगबोटीने त्या बेटावरही जाऊन येते.

त्या दगडाजवळ बसून मामूंना आपली मा आठवली. बाप नाखवा, नवरा नाखवा, घराच्या ओट्यावरून दिसतो समुद्र, आणि बाई पन्नाशीला आली तरी गलबतात कधी बसलेली नाही. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा किल्ला उभा, तो ती रोज बघते, पण एकाच बाजूने. हे त्यांनी पत्रात लिहिलं नाही. दत्ताकाकांना मात्र त्याच टेकाडावर सांगितलं, आणि दत्ताकाका म्हणाले की माझ्या आयेनं तर उरणचा बाजारसुदीक दोनदाच बघितलाय.

सोमवारी पहाटे मासळीची लॉरी ग्लासगोच्या बाजाराला निघाली. तिच्यात खोक्यांच्या मधोमध बसून दोघे शहरात आले आणि मामू तसेच परीक्षेच्या हॉलमध्ये गेले. त्यांच्या आजूबाजूची बाकं हळूहळू रिकामी झाली. देखरेखीच्या मास्तरांनी सगळ्या खिडक्या उघडल्या, पण मामूंना जा म्हणाले नाहीत. त्या पेपरात मामू वर्गात दुसरे आले. दत्ताकाका म्हणायचे, पहिला आलेला नाखव्यापासून सगळ्यात लांब बसला होता.

इंजिनात खारं पाणी शिरलं होतं, असं मरडॉकनी मागाहून पत्राने कळवलं आणि सुटीच्या दिवशी येत जा म्हणून बोलावलं. पुढचं वर्षभर मामू दत्ताकाकांना घेऊन एक शनिवार सोडून एक शनिवार तिथे जात राहिले. लाकडी होडीला इंजिन कसं बसवायचं, पाण्यापासून ते कसं जपायचं, आणि शीड होडीतून कधीही काढून ठेवायचं नाही, हे ते तिथे शिकले. कॉलेजात मोठ्या जहाजांचं शिकवत, होडीचं कोणी शिकवत नव्हतं.

बत्तीस साली मामू परत आले. मुंबईच्या गोदीत नोकरी मिळत होती, ती त्यांनी घेतली नाही. दिघीच्या खाडीकाठी नारळीच्या झापांची एक मोठी खोप उभारली आणि एका जुन्या मचव्याला इंजिन बसवायला घेतलं. नाना रोज येऊन बघत आणि परत जात. शिडावर जन्म काढलेल्या माणसाला इंजिनाचा आवाज आणि तेलाचा वास सोसत नव्हता. शेवटी मचवा पाण्यात सोडला त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं की बंद पडलं तर. मामूंनी डोलकाठीकडे बोट दाखवलं. शीड बांधून ठेवलेलं होतं. नानांनी त्याच्या गाठी तपासल्या, एक सोडून पुन्हा बांधली आणि मचव्यात जाऊन बसले. मचवा दिघीहून आगरदांड्याला माणसं नेऊ लागला. वल्ह्यांच्या होडीला जिथे भरतीची वाट बघावी लागे तिथे हा केव्हाही निघे. वर्षभरात आणखी चार होड्यांना मामूंनी इंजिनं बसवली.

एक गोष्ट मात्र गावाला समजेना. शुक्रवारी खोप बंद, हे ठीक. पण शनिवारी दुपारीही मामू अवजारं पुसून आत ठेवत. कोणी विचारलं तर सांगत, “शुक्रवारची सुटी नमाजाची, शनिवारची माझी.”

तेहेतीस सालच्या थंडीत, समुद्र निवळशंख झाला तेव्हा, एका शनिवारी ते घरी आले आणि नानीला म्हणाले की मा, चल, दिवेआगरला जाऊन येऊ.

नानीचा जीव धसकला. “कोनाकडं काय हाय?”

“कोणाकडे काही नाही.”

“कोन आजारी हाय? खरं सांग.”

“कोणी आजारी नाही, मा. नुसतं जायचं आणि यायचं.”

नानी नाही म्हणाली. पुढच्या शनिवारीही नाही म्हणाली. तिसऱ्या शनिवारी मामूंनी विचारलंच नाही, तेव्हा तिनेच माझ्या आईला हाक मारून पांढरी ओढणी काढायला सांगितली. लोक काय म्हणतील याची तिला भीती होती, म्हणून तिने हातात एक रिकामी टोपली घेतली, म्हणजे काहीतरी आणायला चाललो असं वाटेल. मचव्यात ती, माझी आई, मामू आणि नाना. नाना गलबतावर नेहमी हुकूम सोडत उभे असायचे. आता मचवा मुलाचा, इंजिन मुलाचं, माल काही नाही, आणि हातांचं काय करावं हे त्यांना सुचेना. ते या टोकाकडून त्या टोकाकडे जायला लागले तशी नानी म्हणाली, “तुमी बसा बघू एका जागी.” ते बसले. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती आणि दोघे एका होडीत पहिल्यांदाच बसले होते.

मामूंनी मचवा सरळ दक्षिणेला नेला नाही. आधी किल्ल्याला पूर्ण वळसा घातला. समुद्राकडची बाजू आली, उंच तट, लाटांनी काळे पडलेले दगड, पाण्यालगतचा लहान दरवाजा. नानीने मान वर करून सगळं शेवटपर्यंत पाहिलं.

“ह्याला पाठ पन हाय,” ती म्हणाली.

दिवेआगरला वाळूवर उतरून ते चंद्राबाईच्या वाडीत गेले. तिच्या घरची सुपारी नाना वीस वर्षं गलबतात भरत आले होते. दोघी बायकांनी एकमेकींची नावं हजारदा ऐकली होती, तोंडं मात्र बघितली नव्हती. चंद्राबाईने शहाळी काढून दिली आणि काय काम काढलंत म्हणून विचारलं. नानीने टोपलीकडे पाहिलं, ती खाली ठेवली आणि काही काम नाही म्हणून सांगितलं. चंद्राबाईला ते खरं वाटेना. मग दोघी पोफळीच्या सावलीत अशा काही बोलत बसल्या की भरती उतरायला लागली तरी उठेनात. मामू तीनदा बोलवायला गेले. परतताना टोपलीत ओल्या सुपाऱ्या, केळी आणि केवड्याचं एक कणीस होतं.

त्या हंगामात नानी नऊ वेळा बाहेर पडली. गावात आधी कुजबूज झाली, मग दोन बायकांनी आमच्या आईला हळूच विचारलं की मचव्यात जागा असते का. दत्ताकाका तोवर परतून मिठाच्या खात्यात लागले होते. त्यांनी बोलावलं म्हणून एकदा सगळे मिळून उत्तरेला गेले आणि किहीमला नारळीच्या बनात दोन दिवस राहिले. दत्ताकाकांनी आपल्या आईलाही तिथे आणलं होतं.

पुढच्या वर्षी मामूंचं जहुरामामींशी लग्न झालं. मामी म्हसळ्याच्या, खाडीच्या वरच्या अंगाच्या, आणि पाण्याला अजिबात न भिणाऱ्या. एका शनिवारी आगरदांड्याच्या कोणाचं तरी इंजिन बिघडून आलं आणि मामूंना ते टाकून निघता येईना. आज राहू द्या, असं सांगायला ते घरी गेले. घरी कोणी नव्हतं. धावत धक्क्यावर आले तर मचवा सुटलेला. सुकाणूवर नाना, पुढे मामी शिडाचा दोर धरून आणि मध्ये नानी चार शेजारणींना घेऊन बसलेली. इंजिन त्यांनी सुरूच केलं नव्हतं, वारा चांगला होता.

मामूंनी ओरडून विचारलं, कुठे चाललात. पाण्यावरून नानीचा आवाज आला की अजून ठरलं नाही. मामू हातात पाना घेऊन तिथेच उभे राहिले आणि मचवा किल्ल्याआड जाईपर्यंत हात हलवत राहिले.